पैसे फिरत्यात, दादा

आमचं दोघा भावांचं बँकेत एकच खातं हाय. थोरल्याला वाचता येतं, ऐकू येत न्हाय. मला ऐकू येतं, वाचता येत न्हाय. दोघं जोडले तर एक धड माणूस व्हतो, आन् त्या धड माणसाचं ते खातं. खातं काढताना बँकेतल्या सायबानं इचारलं, "दोघांच्या सहीनं चालवायचं का एकाच्या?" म्या म्हणलं, "सायेब, माझी सही म्हंजी अंगठा, आन् त्यो बी चहाच्या भांड्यानं पोळलेला. ह्यांच्याच सहीनं चालू द्या." दादाला काय बोलणं झालं ते कळलं न्हाय, त्यानं नुसती मान हलवली. त्याची ती मान हलवायची सवय म्या पुढं लई वर्षं विकून खाल्ली.

उमरग्याच्या अलीकडं, हैदराबादच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड हाय. अर्ध्यात दादाचं पंचरचं दुकान, अर्ध्यात माझा चहा आन् भजी. दादाचे कान टायरनं नेले. ट्रकच्या टायरीत हवा भरत व्हता आन् टायर फुटला. त्या टायमाला नळी धरून म्या बसायचो, पण म्या शेडच्या मागं लघवीला गेलो व्हतो. लोक म्हणले देवानं वाचवलं. देवाचा काय संबंध, दुपारी खाल्लेल्या कलिंगडानं वाचवलं. दादाचा उजवा कान पार गेला. डाव्या कानात वरडलं तर थोडं पोचायचं, पण दर शब्दाला कोण वरडणार? मंग आमचं बोलणं हातावर आलं. पंजा उलटासुलटा केला की 'किती?'. बोट गोल फिरवलं की 'चाललंय, थांबा'.

पुढं ड्रायवर लोक मोबाईलवर पैसे द्यायला लागले, तवा ते बोलकं डबडं आलं. पैसे आले की आतली बाई बोलती, "वीस रुपये प्राप्त झाले." 'प्राप्त' असला शबूद आमच्या खानदानात कुणी तोंडात घेतला न्हवता. डबडं अर्थात माझ्या टेबलावर, कारण ऐकणारा म्या. पण पैसे चहाचे का पंचरचे ते काय ती बाई सांगत न्हाय, समदं एकाच खात्यात पडायचं. म्हणून आमी दोन डबे मांडले. डबडं बोललं की दहा रुपयाला सोड्याच्या बाटलीचं एक बुच आन् शंभराला एक नट. चहाचं असलं तर माझ्या डब्यात, टायरचं असलं तर दादाच्या. म्या हात वर करून सांगायचो, मंग दादा आपल्या डब्यात नट टाकायचा. दिवस मावळायच्या आत दादा मोबाईलातले आकडे वाचायचा आन् बुचं-नट जुळवायचा. कवा एखादं बुच जास्त निघालं तर ते माझ्याच डब्यात निघायचं. दादा हसून म्हणायचा, "तुझ्या डब्यात बुचं व्यात्यात." त्याला वाटायचं चुकून व्हतंय.

आता माझा खरा धंदा सांगतो. चहा माझा भिकार. गुळाचा म्हणून साखरंचा, साखरंचा म्हणून पाण्याचा. गाड्या थांबायच्या त्या माझ्या तोंडासाठी. आन् माझ्या तोंडाला रोजचं गिऱ्हाईक म्हंजी माझा सख्खा थोरला भाऊ.

म्या काय करायचो, दादासमोर हात जोडून उभा राहायचो, चेहरा देवळात गेल्यावाणी. आन् म्हणायचो, "दादा, तुमी लई मोठी माणसं. तुमच्या डोक्यात हवा किती भरलीय, कवा फुटणार ते सांगा, म्हंजी आमी लांब सरकतो." दादा बघायचा, धाकटा हात जोडून काय तरी चांगलं बोलतोय. मान हलवायचा. "व्हय, व्हय." ड्रायवर लोकांच्या हातातला चहा सांडायचा. लोक हसतेत म्हणून दादा बी हसायचा. तुमी-आमी करत, मान देत देत म्या त्याची अब्रू काढायचो, आन् त्यो सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

त्यातला एक खेळ लई चालला. म्या चहाचे गिलास हातात घेऊन दादाकडं बघायचो, पंजा उलटासुलटा करायचो, जसं काय इचारतोय, किती चहा? आन् तोंडानं म्हणायचो, "दादा, तुमचं मढं उचलायला किती माणसं सांगू?" दादा पंचरला बसलेली माणसं मोजायचा, आन् चार बोटं वर करायचा.

चार!

हैदराबादचे ड्रायवर तर शेडपशी गाडी हळू करून वरडायचे, "भाई, वो चार वाला दिखाव ना!" तीन माणसं असली तर म्या चौथं कुणालातरी दादाजवळ उभं करायचो, म्हंजी आकडा बरोबर यावा. एवढी मेहनत म्या आयुष्यात दुसऱ्या कशाला केली न्हाय.

दादाला एकच लेक. ती वाशीकडं दिलीय. आइतवारी तिचा फोन यायचा. दादा मोबाईल डाव्या कानाला लावायचा, काय ऐकू यायचं न्हाय, पण म्हणत राहायचा, "बरं हाय बाई. लई बरं हाय. बरं हाय." ती काय बी बोलू दे. म्या त्याची बी नक्कल करायचो. लेकीला दिवस गेल्यावर दादानं ठरवलं, कानाची मशीन घ्यायची. मला म्हणला, "नातवंडं बोलायला लागलं, आन् म्या बरं हाय, बरं हाय करत बसलो तर त्याला वाटंल आज्याला एवढंच येतं." दोन वरीस नटाच्या डब्यातनं साठलेले बावीस हजार खात्यात व्हतेच, आन् आमी सोलापूरला गेलो.

दुकानदारानं आधी मशीन कानात घालून दाखवली. दादा दचकला. पंख्याकडं बघितलं. रस्त्यावरच्या रिक्षाकडं बघितलं. मंग माझ्याकडं वळला.

"बोल की कायतरी."

म्या खोकलो.

"एवढा घोगरा झाला व्हय तुझा आवाज? चहाचा धूर खाऊन झालाय. बोल की अजून."

पंधरा वरीस ह्या माणसापुढं म्या तोंड मिटलं न्हवतं. आन् त्या दिवशी मला एक शबूद सुचला न्हाय. दुकानदार बी बघाया लागला. शेवटी म्या म्हणलं, "चहा घेता का, दादा?" त्याच्या डोळ्यात पाणी आलं. आन् मला तवा कळलं, हा माणूस उद्या आपल्या शेडात बसून हे असंच समदं ऐकणार.

दादानं मोबाईलवरनं पैसे दिले. आमच्या खात्यातनं बावीस हजार कटले. दुकानदाराला काय आले न्हायत. त्यानं दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. म्हणला, "मधी अडकलेत. प्रोसेसिंग दाखवतंय. दोन-चार दिवसात येतेत न्हायतर तुमच्या खात्यात परत जातेत. आले की फोन करतो, मंग यांना घेऊन या. नंबर द्या." नंबर कुणाचा दिला? माझा. ऐकणारा म्या न्हवं का. मशीन कानातनं काढून परत डबीत ठेवली, आन् आमी यष्टीनं माघारी आलो. सगळ्या वाटंनं दादा माझ्याकडं बघून बोट गोल फिरवायचा. फिरत्यात का रे पैसे? म्या बी बोट फिरवायचो. फिरत्यात, दादा.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "जमा झाले ओ. उद्या घेऊन या त्यांना."

म्या फोन ठेवला. दादा हाताचं काळं पुसत पळत आला. "काय म्हणतेत?"

माझं बोट आपोआप गोल फिरलं. वरनं तोंडानं म्हणलं, "फिरत्यात अजून."

शपथ घेऊन सांगतो, मला वाटलं व्हतं सांजच्याला सांगावं. मंग वाटलं उद्या सांगावं. मंग वाटलं, आता सांगितलं तर 'काल का न्हाय सांगितलं' म्हणंल, परवा सांगावं. बँकेनं तीन दिवस लावले. पुढचा सव्वा महिना म्या लावला, आन् बँकेच्या नावावर लावला. दादाच्या मोबाईलात नुसतं पैसे कटल्याचं दिसायचं, पोचल्याचं न्हाय. दुकानदाराचा परत फोन आला, तर म्हणलं, "पेशंट आजारी हाय, सवडीनं येतो." त्यानं बी मंग नाद सोडला. त्याचे पैसे त्याला मिळाले व्हते.

वहिनी रोज भाकरी घेऊन यायच्या. "भावजी, आले का ओ पैसे?"

"बँकेचं काम, वहिनी. तिथं पैशाला बी रांगंत थांबावं लागतं."

ह्याच्यावर बी माणसं हसली. म्या उशिराचा बी खेळ केला. दादाला बोट फिरवून दाखवायचो आन् ड्रायवर लोकांना सांगायचो, "दादाचे कान सोलापुरात बसलेत, तिकिटाला पैसे न्हायत."

मंग एक दिवस दादा म्हणला, चल बँकेत. पासबुक घेऊन गेलो. मॅडमनं मशीनात पासबुक घालून छापून दिलं, कम्पुटरात बघितलं, आन् म्हणल्या, "अहो, हे कवाच गेलेत. तिसऱ्याच दिवशी समोरच्याला जमा झालेत."

दादा माझ्या तोंडाकडं बघत व्हता. म्या बोट गोल फिरवलं आन् त्याच्या डाव्या कानात वरडलो, "प्रोसेसिंगमधी हाय म्हणतेत!"

मॅडम म्हणल्या, "मी तसं कुठं म्हणाले?"

आता अडकलो. म्या खाली वाकून हळूच म्हणलं, "मॅडम, त्यांच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय. टायर फुटल्यापासनं. धक्का बसंल असं बोलू नका."

मॅडमनं दादाकडं बघितलं. लई वाईट वाटलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. दादानं त्यांना दोन हात जोडले. "तुमाला तरास दिला बघा." मॅडम त्याला लेकराला बोलावं तसं बोलल्या, "नाही हो काका, त्रास कसला." सख्ख्या भावाला म्या पाच मिंटात बहिऱ्याचा येडा केला. बाहेर आल्यावर दादानं मला उसाचा रस पाजला. म्हणला, "तू हायस म्हणून बरं. म्या एकट्यानं काय केलं असतं?" म्या बरफ जास्त घालून मागितला.

आइतवारी लेकीचा फोन आला. वहिनी बाजारला गेल्या व्हत्या. दादा टायर सोडून आला, मोबाईल कानाला लावला. म्या तिकडं ड्रायवर लोकांना डोळा मारला, आता बघा म्हणून. दादा सुरू झाला, "बरं हाय बाई. लई बरं हाय." म्या मागं उभा राहून तोंड हलवत व्हतो, आवाज त्याचा, थोबाड माझं. "बरं हाय. बरं झालं." माणसं पोट धरून हसत व्हती. लई येळ चालला त्यो फोन. पोरगी पलीकडून काय तरी सांगत व्हती, आन् दादा हसत म्हणत व्हता, "बरं झालं बाई, बरं झालं."

तिचं पाचव्या महिन्यात पोट पडलं व्हतं. दवाखान्यातनं बापाला फोन केला व्हता तिनं.

सांजच्याला जावयाचा फोन वहिनीला आला, तवा कळलं. वहिनीनं दादाच्या डाव्या कानात ते वरडून सांगितलं. असली गोष्ट वरडून सांगावी लागली, सगळ्या शेडानं ऐकली. लेक बापाला आण्णा म्हणती. तिनं आईला इचारलं म्हणं, "आण्णा बरं झालं का म्हणले?" दादा हातात जॅकचा दांडा घेऊन तसाच बसला. म्या त्याच्याजवळ गेलो. तवा तरी सांगायचं का न्हाय? म्या चहा नेऊन दिला. साखर जास्त घालून.

दुसऱ्या दिवशी दादा मला न सांगता बँकेत गेला. एकटा. दुपारी आला तवा हातात एक चिठ्ठी व्हती. ती त्यानं माझ्या टेबलावर ठेवली आन् माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. म्या चिठ्ठीकडं बघितलं. कुठला बी कागद पुढं आला की म्या जशी मान हलवतो तशी हलवली. "बरं, बरं." काय लिव्हलंय एवढं इचारलं असतं तरी त्यो सांगणार व्हता, असं मला आता वाटतं. पण मला आपलं वाटलं, न इचारलेलं बरं. एक गिऱ्हाईक भजी मागत व्हतं. म्या तोच कागद उचलला, त्याच्यावर भजी घातली आन् दिली.

दादानं त्या भज्यांकडं बघितलं. मंग गेला आपल्या टायरीकडं.

नंतर वहिनीनं सांगितलं त्यात काय व्हतं. मॅडमनं लिहून दिलं व्हतं की पैसे तिसऱ्या दिवशीच पोचलेत, आन् हे तुमच्या भावाला म्या तुमच्यासमोर सांगितलंय, तुमी डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, तब्येतीची काळजी घ्या.

पुढं दोन दिवस दादा शेडात न्हवता. म्या समजलो लेकीकडं गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आला. थंडीचे दिवस, डोक्याला रुमाल कान झाकून बांधलेला. त्यात काय नवीन न्हाय, सगळेच बांधतेत. पाने मांडले, हवेची मशीन लावली, बसला.

पहिली गाडी आली. हवा भरली, पैसे मोबाईलवर दिले. डबडं बोललं, "शंभर रुपये प्राप्त झाले." म्या भजी तळत व्हतो, हात वर करायला झाऱ्या खाली ठेवला, आन् बघतो तर दादाच्या डब्यात नट पडल्याचा आवाज झाला. म्हणलं, बघा, अंदाज कसा बसलाय म्हाताऱ्याचा. एवढा शहाणा म्या.

दुपारी हैदराबादच्या तीन गाड्या थांबल्या. सगळे वळखीचे. "भाई, वो चार वाला!" म्या गिलास घेतले. दोन दिवस दादा नसल्यानं माझा धंदा बसला व्हता, कसर काढायची व्हती. त्याच्यापुढं जाऊन वाकलो, पंजा उलटासुलटा केला, आन् एकदम मानानं म्हणलं, "दादा, तुमचं मढं उचलायला किती माणसं सांगू?"

दादानं माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. मंग हात वर केला.

तीन बोटं.

ड्रायवर वरडला, "अरे चाचा, एक कम पड़ रहा है!"

दादा त्याच्याकडं वळला आन् सरळ जबाब दिला, "तीन बास झाले. चौथ्याला हसू येतं. मढं खाली पडंल."

जे हसले ते ड्रायवर! बसलेले उठले, उठलेले बसले. आमच्या शेडात तेवढा हशा कवा झाला न्हवता, आन् पुढं बी झाला न्हाय. पंधरा वरीस म्या घासून घासून केलेला खेळ, त्याच्यावर दादानं एका वाक्यात कडी केली. एक म्हातारा ड्रायवर मातूर हसला न्हाय. त्यानं दादाच्या रुमालाकडं बघितलं, मंग माझ्याकडं, आन् चहाचा गिलास तसाच भरलेला ठेवून गाडीकडं गेला.

म्या म्हणलं, "दादा."

त्यानं रुमाल सोडला. कानात बारकी गव्हाळ मशीन. ती त्यानं दोन बोटांनी काढली, खिशातली डबी उघडली, तिच्यात ठेवली, आन् डबी परत खिशात घातली. मंग टायरीत नळी घालून बसला.

आता डबडं त्याच्या टेबलावर असतं. बुचं-नट बंद झाले, त्यो ऐकतो आन् वहीत लिहितो, आन् सांजच्याला माझ्या वाटणीचे पैसे माझ्या टेबलावर ठेवतो. एक बुच कमी न्हाय, एक बुच जास्त न्हाय. आइतवारी लेकीशी बोलतो, हळू बोलतो, तिचं ऐकून घेतो. वहिनीशी बोलतो. गिऱ्हायकाशी दर ठरवतो. दिवसभर मशीन त्याच्या कानात असती.

म्या चहा घेऊन गेलो की त्यो लांबूनच बघतो आन् मशीन काढून डबीत ठेवतो. डबी मिटल्याचा आवाज मला इकडं टेबलापर्यंत येतो, माझे कान चांगले हायेत. मंग म्या पंजा उलटासुलटा करून इचारतो, किती? त्यो बोटं दाखवतो, तेवढे चहा देतो, आन् माघारी येतो.

परवा म्या त्याच्यापुढं उभा राहून समदं सांगितलं. फोन कवा आला, बोट कसं फिरलं, मॅडमला काय म्हणलं, एक बी गोष्ट लपवली न्हाय. हात बी जोडले. दादा माझ्या तोंडाकडं बघत व्हता, डबी खिशात.

माझं बोलून झाल्यावर त्यानं मान हलवली.

"व्हय, व्हय," म्हणला.